कोटाच्या खिशातले हात

पुण्यातल्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलामुलींचा गट माझ्या हाताखाली दिला, तेव्हा आधी मला काही दिवस शिकवणीला बसवलं होतं. शिकवायला आलेले गृहस्थ मोठे टापटिपीचे. माणसांकडून काम कसं करून घ्यावं, हे ते पडद्यावर चित्रं टाकून सांगत. एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनाकडे बाणच बाण. मी मान डोलावत होतो खरा, पण माझ्या डोळ्यांपुढे सारखा एक खाकी कोट येत होता. कोपरांना ठिगळं लावलेला, तेलाने डागाळलेला आणि दोन्ही खिसे खाली ओघळलेला. खिसे ओघळले होते, कारण त्या कोटाचा मालक दिवसभर आपले हात त्यांत कोंबून उभा असायचा.

दस्तगीर मिस्त्री. दौंड जंक्शनच्या सिग्नल गँगचे प्रमुख. साठ सालानंतरची गोष्ट. मी डिप्लोमा उरकून धाकटा इन्स्पेक्टर म्हणून तिथे लागलो, तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती. अंगाने किरकोळ, दाढीला मेंदी, आवाज इतका हळू की ऐकायला माणसाला जवळ यावं लागे. ते केबिनच्या खालच्या पायरीवर बसून चहा प्यायचे, सर्वांत शेवटी. आणि कुणी काही विचारलं की उलट विचारायचे, "तुला काय वाटतंय?" गँगमधला नामदेव खलाशी, म्हणजे मिस्त्रींच्या हाताखालचा कामगार, मोठा बोलघेवडा. तो म्हणायचा, "मिस्त्रीस्नी टाइम इचारला तरी म्हनतील, तुला काय वाटतंय!"

ही गँग काय करायची, ते आधी सांगायला हवं. सिग्नलच्या केबिनमध्ये लोखंडी लिव्हरांची रांग असते. एक ओढला की लांबचा सिग्नल पडतो, म्हणजे गाडीला वाट मोकळी होते; दुसरा ओढला की रुळांचा सांधा फिरतो. एकाच रुळावर दोन गाड्यांना समोरासमोर वाट मिळू नये, म्हणून लिव्हरांच्या खाली लोखंडी पट्ट्यांची जाळी बसवलेली असते. पट्टीला खाच, खाचेत अडसर. एक लिव्हर ओढला की अडसर सरकतो आणि ज्या ज्या लिव्हरांशी त्याचं वैर, ते सगळे जागीच अडकतात. मग पैलवान आणला तरी हलत नाहीत. यार्डात नवा रूळ पडला की ही सगळी वैरं नव्याने मांडायची आणि नव्या खाचा कानशीने घासायच्या. पुढे मी कॉम्प्युटरकडे वळलो, तेव्हा प्रोग्रॅम हा प्रकार मला फारसा परका वाटला नाही. अमुक झालं असेल तर तमुक होऊ देऊ नकोस, एवढंच तिथेही लिहायचं असतं. दौंडला आम्ही ते लोखंडात लिहीत होतो.

या कामात मिस्त्रींचा हात एके काळी सबंध लाइनीवर नावाजलेला होता म्हणे. म्हणे अशासाठी, की मी गेलो तेव्हा तो हात खिशात होता. कानस त्यांच्या पेटीत असायची, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. ती बाहेर निघालेली मी पाहिली नव्हती. एखादा खलाशी खाच वेडीवाकडी घासायला लागला की मिस्त्रींचे खांदे आखडायचे आणि खिशांच्या आत बोटांची चुळबुळ सुरू व्हायची. पण हात बाहेर यायचे नाहीत.

"गरीब गाय दिसत्यात व्हय तुम्हाला?" नामदेव एकदा मला म्हणाला. "नवंनवं मिस्त्री झाले तवा आमच्या हातात कानस टिकू दिली न्हाई. 'सरक, मला दे.' दिसभर तेवढंच. आम्ही आपलं भिताडाला टेकून बिड्या वढायच्या आन् ह्ये एकटे घाम गाळनार. वर आन् आम्हालाच म्हननार, कामाला मानसं कमी पडत्यात."

मग असं काय झालं की त्या माणसाने आपले हात असे बांधून घातले? ते मला पुढे खुद्द मिस्त्रींनी सांगितलं, शिरूरला, त्यांच्या घरी शिरखुर्मा खाताना. त्यांचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या शिरूरचं. नोकरी दौंडला, आणि सुटी मिळाली की एस.टी.ने न्हावऱ्यावरून घरी. ईदेला त्यांनी मला आग्रहाने बोलावून नेलं होतं. ओसरीवर आम्ही दोघं, आत त्यांच्या पत्नी हलीमाबी, आणि उंबऱ्यावर शेजारच्या गंगूवहिनी, जणू त्यांचंच घर असल्यासारख्या ऐसपैस बसलेल्या.

"मी एक खाच घासली व्हती," मिस्त्री सांगायला लागले. "बसवली आन् झालं म्हनून सांगितलं. दस्तगीरच्या हातचं काम, तपासायचं कुनी? दुसऱ्या दिशी सकाळी केबिनवाला लिव्हर पुसत व्हता. सहज वढून बघितलं, तर दोन्हीकडचे सिग्नल एकदम पडले. गाडी नव्हती, म्हनून आज तुमच्यासंगं शिरखुर्मा खातोय."

त्यांनी वाटी खाली ठेवली.

"ते काय, पट्टी काढली, नीट केली. पर गँगमदला मारुती न्हाई का, तो बाजूला खाली मान घालून उभा. मला शंका आली. म्हनलं, मारुती, तुला काल दिसलं व्हतं का रं? म्हनला, व्हय. म्हनलं, मग बोलला का न्हाईस? तर म्हनला, 'तुम्ही केलेलं व्हतं.'"

"तुम्ही केलेलं व्हतं," मिस्त्रींनी पुन्हा म्हटलं. "सायेब, खाच चुकली ती कानशीनं निस्तरली. ह्ये कशानं निस्तरायचं? चार दिस रजा टाकली आन् घरी आलो. रोजे चालू व्हते. सांजच्याला ही कालवन करीत बसलेली. हिचा रोजा, मग चाखायचं कसं? तर ह्या गंगूवैनी आल्या, तळहातावर थेंब घेतला, चाखला आन् म्हनल्या, 'हलीमा, मीठ इसरलीस.' ही हसली, मीठ टाकलं, झालं! कुनाला राग न्हाई, कुनाचा मान गेला न्हाई. मी बघतच राह्यलो. म्हनलं, आपल्या गँगमंदी असं का व्हईना?"

"दरसाल इसरती ती," गंगूवहिनी उंबऱ्यावरून म्हणाल्या.

"इसरत न्हाई," आतून हलीमाबींचा आवाज आला. "तुला बोलवायला ठेवते."

त्या रजेवरून दौंडला परतल्यावर मिस्त्रींनी नवी रीत पाडली. ज्याने खाच घासली, त्याने ती तपासायची नाही. दुसऱ्या कुणीतरी लिव्हरांपाशी उभं राहायचं आणि नको ते लिव्हर नको त्या क्रमाने ओढून जाळीला फसवायला बघायचं. गँगमध्ये ह्याला फसवाफसवी म्हणत, आणि ती चालू असली की केबिनमध्ये कुस्तीच्या फडासारखा आरडाओरडा चाले. चूक सापडली की ज्याची चूक, त्याने स्टेशनाबाहेरून कांदाभजी आणायची. ज्याने शोधली, पहिलं भजं त्याचं. बाकी कुणी कुणाला बोल लावायचा नाही. आणि काही ठरवायचं असलं की गँगमध्ये जो सर्वांत नवा, त्याने आधी बोलायचं; मिस्त्री सर्वांत शेवटी. मी नवा असताना माझ्यावरही ही पाळी आली होती. मी बरंच पुस्तकी बोललो. मिस्त्रींनी ते इतकं मन लावून ऐकलं की पुढच्या वेळी मी खरोखर विचार करून आलो.

भज्यांचा पुडा घेऊन येताना सगळ्यांत जास्त वेळा दिसायचे ते मिस्त्रीच. हिशेब मांडताना, पट्ट्यांचा क्रम सांगताना त्यांच्या चुका व्हायच्या. ते मुद्दाम चुकतात, असं नामदेवचं ठाम मत होतं. मी एकदा तसं विचारलं तर उखडले. "मुद्दाम? पट्टीशी खेळ करीन व्हय मी? चुकतोय म्हनून चुकतोय." विषय संपला.

सगळी गँग बोलती झाली. राहिला एकटा मारुती. भीमेच्या काठी त्याच्या घरचा झेंडूचा मळा, चांगलं खातंपितं शेतकरी घर. अंगाने दांडगा, हाताने मिस्त्रींच्या तोडीचा, आणि नजर तर त्यांच्याहून बारीक. कुणाचीही चूक त्याला आधी दिसायची. पण तो बोलायचा नाही. हळूच जायचा, पट्टी काढायचा आणि कुणाला कळू न देता नीट करून ठेवायचा. मिस्त्री गँगमध्ये कुणावर रागावत असतील तर एवढ्यावरच.

"गपचिप निस्तरू नको रं मारुती. ज्याचं चुकलं त्याला कळलं न्हाई, तर उद्या पुन्यांदा तेच व्हनार. तू काय जलमभर त्याच्या मागं हिंडनार हाईस?"

"व्हय मिस्त्री," मारुती म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

मिस्त्रींनी त्याचा नाद सोडला नाही. दुपारी भाकरी सोडायचे ती त्याच्याच शेजारी. मळ्याची चौकशी करायचे. झेंडूबद्दल मारुती चार वाक्यं बोलायचा. तिथूनच एकदा कळलं की त्यांच्या घरात आबांसमोर, म्हणजे त्याच्या वडिलांसमोर, आवाज काढायची पद्धतच नाही. आबांनी उलटं पाणी धरलं तरी मुलं आबा निजल्यावर जाऊन बांध फोडायची आणि पाणी नीट वळवायची. मिस्त्री ऐकत होते. मग म्हणाले, "मला आबा नको करू बाबा. तुजा मान मला नको. तुजा डोळा दे." मारुती खाली बघून भाकरी मोडत राहिला.

मिस्त्रींची नोकरी आता सरत आली होती. एकदा रुळांवरच्या ट्रॉलीवरून येताना ते मला म्हणाले, "धाकटे सायेब, माझ्यामागं गँग मारुतीची. त्याच्याबिगर हात न्हाई कुनाचा तसा. पर बोलला न्हाई तर एक दिस दोन गाड्या समोरासमोर येतील आन् ह्याला आधीपासनं म्हाईत असंल. एकडाव त्याच्या तोंडनं 'थांबा' ऐकलं म्हंजी मी सुटलो." त्या माणसाला बढतीची, पगाराची, कशाचीच एवढी आस मी पाहिली नव्हती.

यार्डाला नवा रूळ जोडायचा दिवस उजाडला. भर दुपारी गाड्या अडवून जुनी जाळी काढायची आणि नवी बसवायची. माझे वरिष्ठ, थोरले साहेब, स्वतः केबिनमध्ये खुर्ची टाकून बसले. त्यांना मिस्त्रींचे खिशातले हात फार दिवस खुपत होते. "हा माणूस काम कधी करतो हो?" असं त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं. मी त्यांना गंगूवहिनींचं मीठ समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी घड्याळात पाहिलं.

काम उत्तम चाललं होतं. शेवटची एक खाच तेवढी राहिली. मारुती ती घासत होता, त्याच्या नेहमीच्या सावकाशीने. साहेबांचा धीर सुटला.

"मिस्त्री, तुमचा हात एवढा नावाजलेला, तो काय लोणचं घालायला ठेवलाय? मेल यायची वेळ झाली. तुम्ही करा."

हुकूमच होता. मिस्त्रींनी मारुतीकडे पाहिलं, आणि हात खिशांतून बाहेर काढले. पेटी उघडली, लुगड्याचा तुकडा सोडला. त्या हातांत कानस चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पुढे जाताना दाब, मागे येताना नुसती टेकलेली, आणि लोखंडाचा कीस पिठासारखा झरत होता. नामदेवसुद्धा बोलायचा थांबला. पट्टी खाली गेली, अडसर खट् करून बसला.

"वा!" साहेब उठले. "कळवा स्टेशनमास्तरांना."

"सायेब, फसवाफसवी राह्यली," मिस्त्री म्हणाले.

"अहो, तुमच्या हातचं काम तपासणार कोण?" साहेब हसून म्हणाले. त्यांनी ते मनापासून कौतुकाने म्हटलं होतं. मिस्त्रींचा चेहरा मात्र पडला. साहेबांनी फोनला हात घातला. मिस्त्री पुन्हा काही बोलणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा."

मारुती होता. त्याचे कान लालबुंद झाले होते. "थांबा सायेब. खाच कमी पडलीया. मिस्त्रींचं चुकलंय." तो लिव्हरांपाशी गेला, एक ओढला आणि तो तसाच ठेवून दुसऱ्याला हात घातला. दुसरा यायला नको होता. तो आला.

साहेबांनी फोन खाली ठेवला. मी मिस्त्रींकडे पाहिलं. एवढ्या माणसांत, साहेबांच्या देखत, ज्याची चूक उघडी पडली तो माणूस लग्नघरातल्यासारखा फुलला होता.

"कुठं कमी पडली रं?" त्यांनी विचारलं.

"खालच्या अंगाला. जरा तिरकी गेलीया."

"मग कर नीट." त्यांनी कानस मारुतीच्या हातात दिली आणि आपले हात खिशांत घातले.

मेल बाहेरच्या सिग्नलला येऊन उभी राहिली होती आणि शिट्ट्या मारत होती. साहेब येरझाऱ्या घालत होते. मारुतीने खाच पुरी केली. मग नामदेवने लिव्हर ओढून ओढून जाळीला फसवायचा यत्न केला. ती फसली नाही. सिग्नल पडला आणि मेल धडधडत आत आली.

"मेलला उशीर झाला, मिस्त्री. जबाब द्यावा लागेल," साहेब म्हणाले.

"देतो की. उशीर झाला म्हनून लिहा, सायेब. गाडी नीट आली म्हनून बी लिहा."

मग ते स्वतः भजी आणायला गेले. पहिलं भजं मारुतीपुढे धरलं. त्याने आजवर पहिलं भजं खाल्लं नव्हतं. मिस्त्रींना रडू आलं आणि त्यांनी ते कुणापासून लपवलं नाही. पुढे गँग कुणाकडे द्यायची हा प्रश्न आला, तेव्हा थोरल्या साहेबांनी खालमानेने एवढंच विचारलं, "तो थांबा म्हणणारा आहे ना?"

माझ्या गटातल्या मुलांना ह्यातलं मी फारसं सांगितलं नाही. पण एखादी मुलगी प्रोग्रॅममध्ये अडखळत असली आणि उत्तर मला दिसत असलं की "सरक, मला दे" हे शब्द थेट माझ्या जिभेवर यायचे. तेव्हा मी हात खिशात घालून उभा राहायचो आणि विचारायचो, "तुला काय वाटतंय?" पोरं मागे माझी नक्कल करत असणार. करोत बापडी. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याने मोडून बघायचा, आणि ज्याची चूक सापडेल त्याने भजी आणायची, हेही मी तिथे चालू केलं. टापटिपीच्या गृहस्थांच्या बाणांमध्ये भजी कुठे बसत नव्हती.

मिस्त्री निवृत्त झाले तो दिवस. दौंडच्या एस.टी. स्टँडवर सगळी गँग निरोपाला आली होती. मारुतीने मळ्यातल्या झेंडूचा हार आणला होता. स्टँडवर दोन गाड्या लागल्या होत्या, एक शिरूरची, एक बारामतीची. मिस्त्रींनी प्रत्येकाला उराशी धरलं, ट्रंक उचलली, आणि हारासकट बारामतीच्या गाडीत चढून खिडकीशी जाऊन बसले.

आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो. उभी हयात ह्या माणसाने शिरूरच्या गाडीने ये-जा केली होती. गाडीला पाटी होती. कंडक्टर "शिरूर, शिरूर" म्हणून ओरडत होता. पण निरोपाच्या वेळी वडीलधाऱ्या माणसाला तुम्ही चुकलात असं सगळ्या स्टँडदेखत कसं सांगायचं? नामदेवदेखील घुटमळला. मीही.

"मिस्त्री!" मारुतीचा आवाज असा चढला की चहावाल्यानेही मान वळवली. "उतरा खाली! चुकलात. ही बारामतीची हाय."

मिस्त्री खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले. मग सावकाश खाली उतरले.

"चुकलो व्हय?"

"व्हय. चुकलात."

"मग ट्रंक धर," मिस्त्री म्हणाले, आणि ट्रंक त्याच्या हातात देऊन भज्यांच्या गाड्याकडे चालायला लागले. तिकडे कंडक्टरने घंटी मारली. "मिस्त्री, गाडी निघाली!" नामदेव ओरडला. त्यांनी मागे न बघता नुसता हात हलवला. शिरूरची गाडी धूळ उडवत न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली.

ते परत आले तेव्हा दोन्ही हातांत गरम पुडा होता. गळ्यात अजून झेंडूचा हार. पुडा उघडून त्यांनी पहिलं भजं मारुतीपुढे धरलं.

"खा," म्हणाले. "दुसरी गाडी सांजच्याला हाय."